काठावरचे

शेहेचाळीस पूर्णांक दोन.
अमरावती रोडचं डांबर चप्पल धरून ठेवतं,
आणि मी लिहिते आहे: तापमान, पन्नास नॅनोकेल्विन.
दशांशचिन्हापुढची शून्यं मोजताना
घामाचा थेंब वहीवर पडतो,
समीकरणात, नेमका डेल्टावर.

कूलर नुसता घुसमटतोय.
मोमिनपुऱ्यातून इश्तियाक आला,
वाळ्याचं जुनं तट्टं उचकटत म्हणाला,
"पंपाले काई नाई झालं, मॅडम.
तुमी खिडकी लावून बसता ना, म्हणून दमट होऊन राह्यलं.
गरम हवा निघाली नाई
तर थंडक येईन कुठून?"

तिकडेही हेच करतात, इश्तियाकभाऊ.
प्रकाशाच्या वाटीत लिथियमचे अणू ठेवतात
आणि वाटीची कड हळूहळू खाली आणतात.
सर्वांत तापट ते उडी मारून जातात.
उरलेले एकमेकांवर आदळत निवतात.
पुन्हा कड खाली, पुन्हा काही गेले.
माझ्या वर्गातले अर्धे पुण्यात आहेत.

हे अणू मुळात एकलकोंडे.
एका पायरीवर दोघे सारखे चालत नाहीत,
तळापासून भरत गेलेला जिना.
पण पुरेशी थंडी पडली
की वरच्या फिरकीचा एक
खालच्या फिरकीच्या एकाला ओळखतो.
मिठी नव्हे ती. दोघांच्या मधून
कित्येक परके ये-जा करत असतात,
इतवारीच्या बोळातून जातात तसे, धक्का न लावता,
तरी जोडी ती जोडी.
आणि मग सगळा ढगच वाहू लागतो, कुठेही न घासता.
चहा ढवळला की थोड्या वेळाने थांबतो.
हा ढवळला तर त्यात भोवरे पडतात,
एकसारखे, मोजून घ्यावेत असे,
आणि उभे राहतात.

चुंबकाचं बटण आणखी फिरवलं
की जोड्या जवळ येतात, घट्ट होतात, रेणू होतात.
मधे कुठेही उंबरठा लागत नाही.
फक्त एक जागा येते,
झिरो माईलच्या खांबासारखी,
जिथे अणूंच्या टकरीची लांबी अनंत होते.
माझं गणित तिथे मोडतं.
लहान मानून सोडून द्यावं
असं तिथे काहीच उरत नाही.

परवा शलाकाच्या लग्नात, वर्धा रोडच्या लॉनवर,
मी मागच्या खुर्चीत, पाणी उडवणाऱ्या पंख्यापाशी.
मधोमध जोड्या नाचत होत्या.
सिंधूआत्या प्लेट घेऊन आली, "अजून तेच का गं? ते अणूचं?"
हो म्हटलं.
"आणि बाकी?"
बाकी सांबारवडी छान झाली होती.

कधी कधी मुद्दामच
एका फिरकीचे अणू जास्त भरतात.
मग जोड्या मध्यावर दाटतात
आणि जोडीदार न मिळालेले ढकलले जातात काठावर,
एक विरळ साल होऊन.
आठ वर्षं मी तो मध्यच सोडवत होते.
काठाच्या चलाला प्रोग्रॅममध्ये नाव दिलं होतं, "उरलेले".

आज आकडे ताडून पाहताना लक्षात आलं,
म्हणजे माहीत होतं, पण आज लक्षात आलं:
मध्य किती थंड आहे
हे मध्याला विचारून कळत नाही.
तिथे सगळे एकमेकांत इतके गुंतलेले
की कुणाचंच साधं उत्तर येत नाही.
मोजणारे काठाकडे जातात.
तिथला एकेकटा अणू कुणात न अडकलेला,
त्याच्या पसरण्यावरून, फक्त त्याच्यावरून,
आतल्या थंडीचा आकडा वाचतात.

रात्रीचे अकरा. खिडकी उघडी आहे.
धरमपेठेकडून वरातीचा बँड, मग फक्त कूलर.
इश्तियाकने पावणेतीनशे घेतले, शिकवणीचे वेगळे लावले नाहीत.
डेल्टा वाळून फिका पडलाय, तसाच राहू दे.
"उरलेले" मात्र खोडलं
आणि दुसरं नाव सुचेपर्यंत
जागा कोरी सोडली.